चंद्रामावशीची क्रांतिसहल

इंग्रज या देशातून कुणामुळं गेले यावर शहाण्या माणसांनी उशीला घ्यावेत असे जाड ग्रंथ लिहिलेत. ते खुशाल रद्दीत घाला. इंग्रज गेले ते दौंडच्या चंद्रामावशीच्या भाकरीमुळं. हे माझं मत नव्हे, खुद्द मावशीचं होतं. आणि तिची भाकरी ज्यानं एकदा पाहिली तो त्याला हरकत घेणार नाही. एका पावसाळ्यात खानावळीचा पत्रा गळायला लागला, तेव्हा लोकोशेडच्या एका फिटरनं वर भाकरी दडपून भोक बुजवलं. दिवाळीपर्यंत थेंब आत आला नाही. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे फिटर पाहिलाय.

मी तेव्हा दौंड स्टेशनात बुकिंग क्लार्क होतो आणि जेवायला स्टेशनमागं मावशीकडं होतो. फिटर, खलाशी, गार्ड, पॉइंट्समन, सगळं रेल्वे खातं तिच्या पाटावर मांडी घालून बसायचं. मावशी दाराशी चुलीपुढं. अंगानं अशी, की ती उठली की खोलीत उजेड व्हायचा. आवाजाचं तर विचारू नका. "कुनाला आमटी?" असं तिनं विचारलं की प्लॅटफॉर्मवरचे उतारूसुद्धा "मला" म्हणायचे.

तिच्या राज्यात एकच गुन्हा होता, 'नको' म्हणणं. नवा खलाशी ताटावर आडवा हात धरून "मावशी, नको" म्हणाला की ती त्या हातावरच आमटी वाढायची. "हात बी तुझाच हाय, चाट," म्हणायची. आजारी माणसाला जास्त वाढायची, बरा झालेल्याला त्याहून जास्त. आणि कुणी तिला काही बातमी सांगितली, अमक्याचं लग्न झालं, तमका वारला, कुणाची बदली झाली, तर तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "जेवायला काय व्हतं?"

जगात जे काही घडलं ते तिला जेवणावरून आठवायचं. नवरा गँगमन होता, तो गेला ते साल कोणतं? "वांगी कडू निघाली व्हती बघ त्या साली." धाकटी लेक कधी झाली? "पुरण वाटत व्हते आन् कळ आली." सालं, महिने, तारखा हे सगळं तिच्या लेखी सरकारी लोकांचं काम. खऱ्या माणसाला चव आठवते.

तर ही बाई बेचाळीसच्या चळवळीत होती. माहेर राहू बेटातलं, मुळा-मुठा आणि भीमा यांच्या मधल्या उसाच्या पट्ट्यातलं. वय विशीच्या आत-बाहेर. गावातली आणि नदीपलीकडची शिरूर भागातली काही पोरं भूमिगत झाली होती. त्यांना जेवण पोचवायचं काम तिच्याकडं. डोक्यावर शेण्यांची पाटी, शेण्यांखाली फडक्यात भाकरी. वाटेत पोलीस आडवा आला की ही पाटी त्याच्या नाकाजवळ न्यायची आणि म्हणायची, "उतरू लागा की दादा जरा." पोलीस पळायचा. "ब्रिटिश सरकारला हात लावू दिला न्हाई पाटीला," असं ती सांगे, तेव्हा साक्षात व्हाइसरॉय नाक धरून बांधावरून पळताना आम्हाला दिसायचा.

दर श्रावणात, नऊ ऑगस्टच्या पुढंमागं, मावशी खानावळीला कुलूप घालायची आणि मेंबरांना ट्रकमध्ये भरून क्रांतीची ठिकाणं दाखवायला न्यायची. ट्रक इस्माईल ड्रायव्हरचा. पुढं केबिनमध्ये इस्माईल आणि मावशी, म्हणजे खरं तर मावशी आणि उरलेल्या जागेत इस्माईल. मागं आम्ही आणि पातेली.

जिथं पोरांनी जे खाल्लं, तिथं तेच आम्हाला वाढायचं, अशी त्या सहलीची रीत. कडेठाणच्या अलीकडं एका मोरीपाशी ट्रक थांबायचा. मावशी रुळाच्या कडेला उभी राहून हात उंच करायची आणि गर्जायची, "हितं पोरांनी रूळ उखाडलं! रूळ उखाडनं म्हंजी खायाचं काम न्हाई! म्हनून आदी खाल्लं!" की लगेच कांदा, ठेचा, भाकरी. यवतच्या अलीकडं तारांचे खांब. "ह्यो खांब! ह्याच्यावर चढलं आन् तारा तोडल्या! चढताना दशमी दातात व्हती!" की दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. एकदा उत्साहाच्या भरात आमचा एक गार्ड दशमी दातात धरून खांबावर चढला आणि वर गेल्यावर दशमी संपली म्हणून खाली आला. क्रांतीची अशी नशा मी दुसरीकडं पाहिली नाही. दुपारपर्यंत देशभक्ती गळ्यापर्यंत यायची.

एका वर्षी पुण्याचे इतिहासाचे एक प्राध्यापक मुद्दाम आले होते. पेन उघडून म्हणाले, "मावशी, रूळ उखडले ती तारीख सांगू शकाल?"

"हुलगं शिजत व्हतं."

"म्हणजे महिना कोणता?"

"नवं न्हाई, जुनं हुलगं."

"बरं, वेळ साधारण?"

"आधान आलं व्हतं."

प्राध्यापकांनी तेही उतरवून घेतलं. पण यवतपर्यंत मावशीनं त्यांना असं काही वाढलं, की पेन गळून पडलं आणि ते पातेल्यांमध्ये आडवे झाले. पुढं त्यांनी इतिहास सोडून भूगोल घेतला असं ऐकतो.

सहलीचं शेवटचं ठिकाण मात्र वेगळं होतं. तिथं मावशी गर्जायची नाही. राहू बेटातल्या एका गावाच्या पश्चिमेला, बाभळींच्या आड, गूळ करायचं एक जुनं गुऱ्हाळ होतं. भलंमोठं चुलवाण आणि वर उंच धुराडं. बेचाळीसच्या पावसाळ्यात ते बंद होतं आणि पोरं तिथं लपली होती. एके दिवशी दुपारी पोलीस नेमके तिथं पोचले आणि सगळे सापडले. सगळे म्हणजे एक सोडून सगळे. जो सुटला तो श्रीपती, त्याच गावचा, गळ्यात तुळशीची माळ असलेला. बाकीचे येरवड्याला गेले, हा मोकळा राहिला. मग गावानं काय ते ओळखलं: श्रीपतीनं फितुरी केली.

पोरांचा म्होरक्या होता तो सुटून आला, पुढारी झाला, अण्णासाहेब झाला. भाषणात दर वर्षी सांगायचा, "त्या गुऱ्हाळाचा पत्ता मुंगीला ठाऊक नव्हता! घरभेद्यानं घात केला!" नाव घ्यायचा नाही. घ्यायची गरजही नव्हती. श्रीपतीला कुणी मारलं नाही, वाळीतही टाकलं नाही. फक्त श्रावणातल्या हरिनाम सप्ताहात त्याच्या गळ्यात कुणी वीणा दिली नाही. सप्ताहात वीणा रात्रंदिवस खाली ठेवत नाहीत; गावातला एकेक माळकरी आळीपाळीनं ती गळ्यात घेऊन उभा राहतो. तो पहारा गावच्या प्रत्येक माळकऱ्याला मिळाला. श्रीपती तीस वर्षं देवळाच्या पायरीखाली उभा राहून टाळ वाजवत आला.

आता मावशीचं ऐका. गुऱ्हाळापाशी आम्हाला ती फक्त ठेचा-भाकर वाढायची आणि म्हणायची, "फितूर मानूस नव्हता रं. सुकट व्हती."

आम्ही हसायचो, तिचं गावही हसायचं. जेवणावाचून हिला दुसरं सुचत नाही, म्हणायचो. ती सांगायची ते असं. पोरं रोज ठेचा-भाकर खाऊन कावली होती. म्होरक्या म्हणाला, चंद्रे, एकदा सुकट खाऊ घाल. ती म्हणाली, श्रावण हाय. तो म्हणाला, देश पारतंत्र्यात असताना श्रावण कसला? हिनं आदल्या बाजारातली सुकट शेण्यांखाली नेली आणि तिथंच चुलवाणावर तव्यात भाजली. भाजायला घेतली तसा श्रीपती उठला. माळकरी माणूस, सुकटीच्या वासात बसेल कसा? आपली भाकरी घेऊन तो नदीकाठी लांब जाऊन बसला. इकडं तो धूर धुराड्यातून वर गेला आणि पश्चिमेच्या वाऱ्यावर बसून गावात गेला. आख्ख्या बेटात त्या महिन्यात कुणाच्या चुलीवर मासळी नाही. आणि चावडीत मुक्कामाला जमादार होता कोकणातला. बिचारा कैक दिवस पिठल्यावर होता. तो बंदूकसुद्धा न घेता नाकाच्या मागं चालत आला, शिपाई त्याच्या मागं; त्यांनी पोरं तेवढी धरली, शेण्यांच्या पाटीवालीकडं कुणी बघितलं नाही.

"दारात हुबा ऱ्हायला आन् पयलं काय इचारलं म्हाईत हाय?" मावशी म्हणायची. "हात वर करा न्हाई म्हनला. म्हनला, शिल्लक हाय का?"

मी एकदा विचारलं, "मग श्रीपती का सांगत नाही?"

"मी त्येला शंभर बारी म्हनले. तर म्हनतो, चंद्राक्का, देशासाठी आत गेलेली मानसं ती. त्यांचा श्रावन मोडला ह्ये मी कुनाला सांगू? जीभ विटाळंल." मावशीनं पातेलं आपटलं. "जीभ जपतोय मेला. आब्रू गेली ती गेली."

अण्णासाहेब तर सांगणं शक्यच नव्हतं. ते आता देवस्थानचे अध्यक्ष होते, आणि गुऱ्हाळात आम्ही श्रावण कसा कडक पाळला, एकभुक्त राहून स्वराज्याचा जप कसा केला, हे त्यांच्या भाषणातलं सगळ्यात टाळ्यांचं वाक्य होतं. बाकीच्या पोरांनीही त्यातच आपलं भलं मानलं. फितुराचा डाग दुसऱ्याला लागला होता, श्रावण आपला होता.

स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली, दुष्काळामुळं सोहळा वर्षभर लांबला. त्या निमित्तानं गुऱ्हाळापाशी स्मृतिशिळा बसवायचं ठरलं. अण्णासाहेबांनी मजकूर केला आणि तो बातमीसारखा दौंडला येऊन पोचला: 'येथे घरभेद्याच्या फितुरीमुळे क्रांतिवीर पकडले गेले.'

मावशीनं हे ऐकलं तेव्हा ती भाकरी थापत होती. थापायची थांबली. तिची भाकरी तव्यावर करपली, हे खानावळीच्या इतिहासात एकदाच घडलं.

"भाशन इरून जातं रं," ती म्हणाली. "दगडावरचं कोन पुसनार? श्रीपतीची नातवंडं वाचत्याली त्ये." आणि मग डोळे बारीक करून मला म्हणाली, "ह्या वर्साची सहल सप्त्यातच न्यायची."

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता, बरा पाऊस झाला होता, बाभळी हिरव्यागार. ट्रक त्या वर्षी मोरीपाशी थांबला नाही, खांबापाशीही नाही. आम्ही उपाशी! मावशीच्या राज्यात आम्ही उपाशी! तेव्हाच मला कळलं, आज काहीतरी भयंकर होणार. मागं पातेल्यांच्या जागी एकच पोतं होतं, तोंड घट्ट बांधलेलं, आणि ते श्रावणात बाळगणं म्हणजे बॉम्ब बाळगण्यासारखंच होतं. इस्माईल गाडी खड्ड्यांतून अशी जपून काढत होता, जणू पोतं फुटेल.

गावात सप्ताह रंगात आला होता. देवळापुढं मांडव, पताका, आत वीणा गळ्यात घेऊन एक म्हातारे आप्पा उभे. दुपारी अण्णासाहेबांचं भाषण, त्यानंतर सगळ्यांनी गुऱ्हाळाकडं जाऊन शिळेची जागा बघायची, असा कार्यक्रम. मावशीनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "मी फुडं जाऊन पाव्हन्यांच्या चाची येवस्था करते." अण्णासाहेब प्रसन्न हसले.

जाता जाता तिनं माझा दंड धरला. "तू मांडवात बस. वास आला की आन्नाचं त्वांड बघ. दुसरं कायबी बघू नगं."

भाषण सुरू झालं. अण्णासाहेब गोरे, उंच, कडक इस्त्री. पायरीखाली श्रीपती, हातात टाळ, नजर जमिनीवर. अण्णासाहेब रंगात आले. "मंडळी! त्या गुऱ्हाळाची चाहूल मुंगीलाही लागणं शक्य नव्हतं! घरच्या माणसानं दाखवल्याशिवाय पोलीस तिथं..."

तो आला.

आधी एक झुळूक आली. पुढच्या रांगेतल्या एका आज्जीनं पदर नाकाला लावला. मग मांडवाची पहिली बाजू हुंगायला लागली, मग दुसरी, आणि मग साऱ्या मांडवानं एकदम नाक वर केलं. अहो, नुसता वास नव्हता तो, सुकटीची फौज होती! मावशीनं चुलवाणात उसाचं चिपाड पेटवलं होतं आणि तव्यावर नव्हे, गुळाच्या काहिलीत सुकट परतायला घेतली होती. त्या वासानं पताका ताठ झाल्या. गावातली यच्चयावत मांजरं एका रांगेत पश्चिमेला निघाली. शिरूरच्या बाजूला नदीपलीकडं कुत्री भुंकायला लागली म्हणतात. कीर्तनाचे बुवा किंचाळले, "अरे, श्रावणात! सप्ताहात! कोण तो चांडाळ?"

मी अण्णासाहेबांचं तोंड बघत होतो. ते "पोलीस तिथं" वर थांबले होते आणि पुढचं वाक्य त्यांना सापडत नव्हतं. नाकपुड्या फुलल्या, डोळे मिटले. शपथेवर सांगतो, क्षणभर त्या माणसाच्या तोंडाला पाणी सुटलं. आणि मग तो पांढरा पडला.

गाव उठलं. काठ्या घेऊन, धोतरं सावरत, सगळा मांडव बाभळीतून धावला. कुणी वाट दाखवली नाही, कुणी विचारली नाही. नाक पुढं आणि गाव मागं. मीही धावलो. गुऱ्हाळाच्या दारात मावशी उभी होती, पदर खोचलेला, हातात काहिलीतलं फावडं, अंगाभोवती धूर. देवीचं एवढं जागृत रूप मी पुढं कुठल्या यात्रेतही पाहिलं नाही.

"कोन सांगाया आलं तुमास्नी?" ती ओरडली.

गाव थबकलं.

"बोला की! मी हितं सुकट भाजते ह्ये कोन सांगाया आलं? कुनी फितुरी केली? त्यो श्रीपती व्हय? त्यो तर तुमच्या संगंच पळत आलाय!"

श्रीपती खरंच आला होता. धापा टाकत, नाकाला उपरणं लावून, सगळ्यांत मागं. सगळ्यांनी वळून त्याच्याकडं पाहिलं, मग वर धुराड्याकडं पाहिलं, मग गावाकडं वाहणाऱ्या धुराकडं. आत काहिलीत सुकट तडतडत होती.

अण्णासाहेब गर्दीतून पुढं आले. मला वाटलं, आता हा माणूस भाषण करणार. चिडणार, बाई भ्रमिष्ट आहे म्हणणार. त्यांनी टोपी काढली, कपाळ पुसलं. काहिलीत वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग खाली मान घालूनच म्हणाले,

"मीठ जास्त झालं होतं चंद्रे, त्या दिवशी."

तीस वर्षांत त्या माणसानं केलेलं हे सगळ्यात लहान भाषण. टाळी एकही नाही. पण कळायचं ते साऱ्या गावाला कळलं.

"श्रावन मोडताना मिठाकडं कोन बघतंय, आन्ना?" मावशी म्हणाली. आवाज एकदम खाली आला होता. "दगडावरचा त्यो शबूद काडा."

"काढतो."

"बगा हां."

"काढतो म्हणालो ना." ते श्रीपतीकडं वळले. काहीतरी बोलायला तोंड उघडलं. श्रीपतीनं उपरणं तसंच नाकाला धरून हात हलवला, म्हणजे राहू द्या. त्या वासात त्याला बोलणंही जड जात होतं. माळकरी तो माळकरीच. अर्धं गाव आनंदानं रडत होतं, अर्धं वासानं.

बुवांनी मग मावशीला प्रायश्चित्त काय द्यायचं यावर घोळ घातला. शेवटी ठरलं, तिनं देवळाची पायरी चढायची नाही, काहील घासायची, आणि गुऱ्हाळावर गोमूत्र शिंपडायचं. मावशीनं सगळं मान्य केलं. सुकटीचं काय झालं ते गावातल्या माळ नसलेल्या लोकांना विचारा. मी फक्त एवढंच सांगतो, की काहील घासायला फार त्रास पडला नाही.

देवळात मात्र एक माणूस जागचा हलला नव्हता. वीणेवाले आप्पा. सगळं गाव पळालं तरी वीणा गळ्यात म्हणून ते तिथंच उभे होते. लोक परत आले, हातपाय धुतले, आत शिरले. कुणीतरी आप्पांच्या कानाशी सगळं सांगितलं. आप्पांनी ऐकून घेतलं आणि पायरीकडं बघून हाक मारली, "श्रीपती, वर ये. माजं पाय भरून आल्यात. धर."

श्रीपती पायरीवर अडखळला. मग चढला. आप्पांनी वीणा काढून त्याच्या गळ्यात घातली, त्याच्या पायाला हात लावला, त्यानं त्यांच्या. आणि तो उभा राहिला. भजनाचा गजर असा उठला, की मांडवाचे बांबू हलले. हे मी फुगवून सांगत नाही. यातला एक शब्दही फुगवलेला नाही.

दिवस कलला. आम्हाला दौंडला पोचायचं होतं, काहींच्या ड्युट्या होत्या. ट्रक सुरू झाला, इस्माईलनं हॉर्न दिला. केबिनमधली जागा रिकामी. मावशी देवळाच्या पायरीखाली, श्रीपती तीस वर्षं उभा राहायचा त्याच जागी, फरशीवर बसली होती. वर जायची तिला बंदी, आणि वीणा गळ्यात असेपर्यंत त्याला खाली येता येईना. ती खालून त्याला हातवारे करत होती. पाची बोटं एकत्र करून तोंडाशी नेत होती: जेवलास का?

वीणा हलू न देता त्यानं मान हलवली. नाही.

"मावशी, चला की!" आम्ही ओरडलो. "उशीर झाला!"

"जावा तुमी! मी उंद्याच्या यष्टीनं येते."

"अहो मावशी, खानावळ?"

"एक दिस उपाशी मरत न्हाई कुनी!" ती म्हणाली. तिच्या तोंडून हे वाक्य ऐकून इस्माईलचा पाय ब्रेकवरून सटकला आणि ट्रक आपोआप चालू पडला. मी मागच्या फळीला धरून बघत राहिलो. मावशीनं आमच्याकडं पाठ फिरवली होती. गावातली एक बाई झाकलेलं ताट घेऊन आली, तर मावशीनं ते तिच्या हातून काढून आपल्या मांडीवर घेतलं, वरचं फडकं नीट दाबलं, आणि आत श्रीपतीचा पहारा कधी बदलतो तिकडं डोळे लावून बसली.